हैबतरावांचं धनुष्य गप्प बसवताना

धनुष्याचा आवाज होतो, ही गोष्ट हैबतरावांना पहिला बाण सोडेपर्यंत माहीत नव्हती. टीव्हीवरच्या मालिकांत देवांची धनुष्यं टणत्कार करतात, पण तो टणत्कार ढगांतून येतो, तेव्हा तो पेटीतबलावाल्यांनी मागून घातला असणार असा त्यांचा समज होता. खऱ्या धनुष्याचा आवाज तसा नसतो. ओली चादर कुणीतरी फळीवर आपटावी आणि त्याच वेळी शेजारी डब्याचं झाकण पडावं, तसा तो असतो. शिवाय मागाहून एक बारीक कंप येतो, झुंऽऽ असा, आणि तो दातांत जाऊन बसतो.

तसं हे धनुष्यही देवांचं नव्हतं. आडवं होतं. त्याला बंदुकीसारखा लाकडी दांडा, खाली चाप आणि पुढे पाय अडकवून दोरी ओढायला लोखंडी रिकीब. शहरात त्याला क्रॉसबो म्हणतात. ताम्हिणीच्या रस्त्याला साहसी खेळांचं एक रिसॉर्ट निघालं होतं, ते चालेना म्हणून बंद झालं. त्याचा मॅनेजर हैबतरावांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत असे. जाताना तो म्हणाला, "काका, हे काही बॅगेत मावत नाही, ठेवा तुम्हीच." आणि गेला. घर सोडताना लोक झाडू ठेवून जातात, तुटकी खुर्ची ठेवून जातात. हैबतरावांच्या वाट्याला धनुष्य आलं.

बायको, उज्वलाबाई, असत्या तर ते त्याच दिवशी माळ्यावर गेलं असतं. पण त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि घरात "हे इथे कशाला?" असं विचारणारं कुणी उरलं नव्हतं. तेव्हा ते दिवाणखान्यातच राहिलं, सोफ्यावर, पाहुण्यासारखं.

हैबतराव पिरंगुटच्या एका कारखान्यात पंप तपासायचे. पंप सुरू करायचा, स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि पंप आतून काय बोलतो ते ऐकायचं. निवृत्त झाल्यावरही ही खोड गेली नव्हती. फ्रिज, मिक्सर, एकदा तर व्याह्यांची नवी मोटार, सगळ्यांना त्यांनी स्क्रू ड्रायव्हर लावून पाहिला होता. नाव हैबतराव असलं तरी त्यांना घाबरलेला एकही प्राणी तोवर मुळशी तालुक्यात नव्हता.

तो मान रंभाबाईंच्या शेळ्यांना मिळाला.

रंभाबाई आणि त्यांचे मालक जोतिबा हे धनगर जोडपं. मेंढरं जोतिबांकडे, शेळ्या रंभाबाईंकडे. रोज दुपारी रंभाबाई शेळ्या घेऊन हैबतरावांच्या मागच्या कुंपणालगतच्या वाटेने ओढ्यावर जायच्या. त्या दिवशी हैबतरावांनी गवताने ठासलेलं पोतं आंब्याला टांगलं, नेम धरला, चाप ओढला, आणि ठाप्प! बाण पोत्यात घुसला. शेळ्या दादासाहेबांच्या वालाच्या शेतात घुसल्या.

"आरं बापूऽऽ!" कुंपणापलीकडून रंभाबाई ओरडल्या. "काय फोडलं वो? टायर फुटला का काय?"

"धनुष्य आहे, रंभाबाई."

"काय?"

"धनुष्य! बाण मारायचं!"

रंभाबाईंनी कुंपणावरून डोकावून पोत्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं वाटतंय न्हवं तुमाला?"

आता दादासाहेबांविषयी. हे शेजारी, शाळेपासूनचे सोबती, माजी सरपंच आणि गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. बरीचशी जमीन प्लॉट पाडून विकायला काढलेली, उरलेल्या तुकड्यात वाल. तंटामुक्ती समितीचं काम म्हणजे गावातले तंटे पोलिसांपर्यंत जाण्याआधी गावातच मिटवणं. गेली काही वर्षं गावात तंटेच होत नव्हते, म्हणजे होत होते, पण लोक थेट वकिलाकडे जात होते. त्यामुळे आपल्याच शेतात उपटलेला हा ताजा तंटा पाहून दादासाहेबांचा चेहरा रागाने लाल व्हायचा तो आनंदाने झाला.

समितीचे जमतील तेवढे सभासद संध्याकाळी हैबतरावांच्या पडवीत बसले. दादासाहेबांनी घसा साफ केला.

"हैबत्या, तू माझा मित्र हायेस. पर समिती ही समिती हाय."

"वाल किती गेला?"

"वालाचं सोड. मी अध्यक्ष म्हनून बोलतोय. रंभाबाईची एक शेळी गाभण हाय. आवाजानं तिला काय झालं तर? तुझ्या धनुष्यापायी गावातलं वातावरण बिघडतंय."

"मग काय करू?"

दादासाहेबांनी डोळे मिटले. ते निकाल देताना नेहमी डोळे मिटत. "आवाज बंद कर. न्हाईतर धनुष्य पंचायतीच्या खोलीत ठिवून दे. येत्या आमावस्येच्या आत."

"अमावस्या कशाला?"

"तारीख न्हाई ध्येनात राहत कुनाच्या."

बातमी हिंजवडीला मुलाकडे कशी पोहोचली ते कळलं नाही, पण रात्रीच्या जेवणाआधी शेखरचा फोन आला.

"बाबा, तुम्ही धनुष्य चालवताय?"

"हो."

"कुणावर?"

"पोत्यावर."

पलीकडे टीव्ही बंद झाला. मग हलक्या आवाजात, "बाबा, पुरे झालं आता एकटं राहणं. इकडे या. तुमची खोली तयार आहे. आरोही पण म्हणतेय."

मागून सुनेचा आवाज आला, "मी असं काही म्हटलेलं नाही. बाबा, व्हिडिओ पाठवा ना, मला बघायचंय!"

शेखर आपला वडिलांच्या भल्याचंच बोलत होता. पण त्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती, आणि हैबतरावांनी ती कुणाला सांगितलीही नव्हती. जेवण आणि संध्याकाळचा चहा यांच्यामधला जो वेळ असतो, तो त्यांच्याच्याने जात नसे. सकाळ जाई, कामं असत. रात्र गोळीने जाई. पण दुपार नुसती समोर येऊन बसे. ती वेळ दोघांची मागच्या पडवीत बसायची होती. बोलणं असं विशेष काही नसे, शेंगा सोलायच्या, कुंपणापलीकडच्या रंभाबाईंशी उज्वलाबाईंनी चौकशा करायच्या, यांनी पेपर वाचल्यासारखं करायचं. धनुष्य आल्यापासून दुपार जायला लागली होती. दोरी ओढायची, बाण लावायचा, नेम, चाप, पोत्यापर्यंत चालत जायचं, बाण उपसायचा, परत यायचं. एवढ्यात चहाची वेळ होई. हिंजवडीच्या अकराव्या मजल्यावर दुपारचं काय करायचं, हे त्यांना कळेना.

म्हणजे आवाज बंद व्हायला हवा होता.

प्रथम आवाज कुठून येतो ते शोधणं भाग होतं, आणि ते शोधायची रीत हैबतरावांना एकच माहीत होती. धनुष्य त्यांनी टेबलाला दोरीने बांधलं, स्क्रू ड्रायव्हरचं टोक दांड्यावर टेकवलं, मूठ कानात घातली. पण चाप ओढायला हात उरला नाही. तेव्हा कुंपणावरून दादासाहेबांना हाक मारली. समितीने निकाल दिला असला तरी तपासात मदत करायला समितीची ना नव्हती.

"मी सांगेन तेव्हा ओढ."

"व्हय."

"अजून नाही."

दादासाहेबांना "नाही" ऐकू आलं की नाही हा पुढे वादाचा विषय झाला. धनुष्य सुटलं, दांडा दणकला, स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानावर अशी बसली की हैबतरावांना संध्याकाळपर्यंत त्या बाजूने फक्त झुंऽऽ ऐकू येत होतं. पण तपास फुकट गेला नाही. आवाज दोन होते हे नक्की झालं. ठाप्प हा कमानीचा आणि दांड्याचा, तो स्क्रू ढिले असल्यामुळे जास्त. ते आवळल्यावर तो निम्म्यावर आला. आणि बाण गेल्यावर दोरी थरथरत राहते, तो झुंऽऽ. शेळ्यांना उधळायला तो एकटाही पुरेसा होता.

"तेल लाव," दादासाहेब म्हणाले. "जे वाजतं त्याला तेल लावावं. दार वाजतं, चाक वाजतं, बायको..." इथे ते थांबले, हैबतरावांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "दार वाजतं."

हैबतरावांनी दोरीला खोबरेल चोळलं. आवाजात काही फरक पडला नाही, पण वास छान सुटला. इतका छान की रात्री उंदरांनी सगळी दोरी मधोमध कुरतडून ठेवली. मॅनेजरच्या रिकाम्या खोलीत एक जादा दोरी निघाली म्हणून निभावलं. ती चढवताना हैबतरावांच्या बोटांची जी अवस्था झाली, तिचं वर्णन इथे करत नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्यांनी दारात सापडली असं सांगितलं.

मग गोधडीचा प्रयोग झाला. धनुष्य गोधडीत गुंडाळायचं, फक्त बाणाचं टोक बाहेर, म्हणजे आवाज कापसातच राहील. कल्पना वाईट नव्हती. पण दोरीला पुढे यायला जागा लागते, आणि त्या जागेत गोधडीचा कोपरा होता. बाण सुटला तो गोधडी घेऊनच सुटला. पोत्यापर्यंत पोचला नाही. वाटेत अंगणात पडला, वरून नीट पांघरूण घेऊन. रंभाबाई कुंपणाशी उभ्या राहून हे पाहत होत्या.

"बाणाला थंडी वाजतीया का, बापू?"

हैबतराव अंगणात उतरले. माणसाने प्रतिष्ठा कुठे सांभाळायची याला मर्यादा असते, आणि गोधडी उचलायला वाकलेला माणूस त्या मर्यादेच्या बाहेर असतो.

आता आरोहीने फोनवर चित्रं पाठवायला सुरुवात केली. "बाबा, दोरीवर दोन्ही टोकांजवळ रबराचे तुकडे बांधतात. मग ती थरथरत नाही. एकदम सिंपल आहे." नाक्यावर माउलीचं पंक्चरचं दुकान होतं. त्याने सायकलची जुनी ट्यूब कापून मिशांसारखा झुपका करून दिला. एका मोटारसायकलवाल्याची घाई चालली होती, म्हणून दुसरा झुपका संध्याकाळी देतो म्हणाला. पण हैबतरावांना धीर कुठला! एका बाजूला बांधून पाहू, निम्मा आवाज तरी कमी होईल, असा त्यांनी हिशेब केला. कारखान्यात त्यांनी नव्या मुलांना शंभरदा सांगितलं असेल, की फिरत्या वस्तूला एकाच बाजूने वजन लावू नये. पण ते पंपांविषयी होतं.

बाण वाकडा गेला. आंब्याच्या बाजूने गेला, कुंपणावरून गेला आणि दादासाहेबांच्या प्लॉटच्या पाटीत जाऊन रुतला. पाटीवर "निसर्गरम्य, शांत परिसर" असं लिहिलेलं होतं. बाण "शांत" मध्ये लागला. नशीब असं की त्याच वेळी पुण्याहून एक नवरा-बायको प्लॉट बघायला आले होते. ते बघून लगेच गेले.

त्या संध्याकाळी दादासाहेब कुंपणाजवळ आले, पण मित्र म्हणून आले की अध्यक्ष म्हणून, ते कळेना, कारण डोळे उघडे होते.

"हैबत्या, आमावस्येपर्यंत वाट बघतो म्हनलं होतं. बघतोय. पर आता माझ्या हातात काय राहिलं न्हाई. वहिनी असत्या तर मी त्यांना बोललो असतो, त्या तुला बोलल्या असत्या, मिटलं असतं. तुला समोरासमोर काय बोलावं मला सुचत न्हाई."

"मलाही," हैबतराव म्हणाले.

दोघं पाटीपाशी गेले. मग दादासाहेबांनी खांद्याने जोर लावून बाण उपसला आणि परत दिला.

दुसऱ्या दिवशी रंभाबाई कुंपणाशी थांबल्या तेव्हा हैबतराव पडवीत धनुष्य मांडीवर घेऊन नुसते बसले होते. सकाळी दुसरा झुपकाही बांधून पाहिला होता, पण रबराच्या वजनाने बाण पोत्यापर्यंत जाईना. त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता: जड वस्तू लावली तर बाण मंद होतो, हलकी लावली तर दोरी थरथरते. हलकं असावं, पण हवेला अडवणारं असावं, असं काय असतं? एवढ्यात त्यांची नजर रंभाबाईंच्या खांद्यावरच्या घोंगडीकडे गेली. घोंगडीच्या कडेला काळ्या लोकरीचे गोंडे होते आणि वाऱ्यावर ते हलत होते, पण अजिबात आवाज न करता.

"रंभाबाई, हे गोंडे कसले?"

"कसले म्हंजे? लोकरीचे. मालक वळत्यात. कशाला?"

"मला दोन पाहिजेत. अगदी सारख्या वजनाचे."

"दोन कशाला, चार न्या. पर मालकास्नी सांगू नका कशापायी. त्यास्नी वाटंल मी खुळ्याशी वेव्हार करतीया."

हैबतरावांनी सोनाराकडे जाऊन गोंडे तोलून घेतले. सोनाराने एकदा लोकरीकडे, एकदा हैबतरावांकडे पाहिलं आणि न बोलता तोलून दिले. सोनार माणसांना खूप काही बघायची सवय असते. मग गोंडे दोरीवर दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर बांधले. आधी फार आत झाले, बाण आळसावला. मग फार बाहेर झाले, झुंऽऽ परत आला. नखभर सरकवायचं, ऐकायचं, परत सरकवायचं. दुपार कधी संपली ते कळलं नाही, चहा विसरला. वर्षभरात पहिल्यांदाच चहा विसरला.

आणि एका दुपारी चाप ओढला तर फक्त "फुस्" झालं. एखाद्याने हळूच निःश्वास टाकावा तसं. बाण पोत्यात. शेळ्या कुंपणापलीकडून चालत होत्या, त्यातल्या एकीनेसुद्धा मान वर केली नाही. गाभण शेळी तर थांबून निवांत कुंपणाची मेंदी खाऊ लागली. हैबतरावांनी तिला हाकललं नाही. खाऊ दे म्हणाले.

दादासाहेबांनी येऊन खात्री केली, डोळे मिटले आणि तंटा मिटल्याचं जाहीर केलं. इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती.

पण अमावस्येच्या आदल्या दिवशी वनरक्षक गौतमी मॅडम मोटारसायकलवरून आल्या. खाकी कपडे, वयाने आरोहीएवढ्या. हैबतरावांच्या मागच्या ओढ्यापलीकडे वनखात्याची हद्द सुरू होते, आणि तिथे त्यांची गस्त असते.

"काका, तुमच्याकडे धनुष्य आहे असं कळलं."

"आहे ना! या, या, बसा." हैबतरावांना कोण आनंद! दादासाहेबांनी ऐकलं होतं, रंभाबाईंनी ऐकलं होतं, पण कामाची खरी कदर करील असं कुणी सरकारी माणूस आलं नव्हतं. "आधी याचा फार आवाज होता हो. दोनशे पावलांवर जनावर उधळायचं."

"असं?"

"हो. आता बघा." त्यांनी गोंडे दाखवले, सारखं वजन दाखवलं, स्क्रू कसे आवळले ते दाखवलं. मग रिकिबीत पाय घालून दोरी ओढली, बाण लावला आणि सोडला. फुस्. "काही ऐकू आलं?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"जनावर अगदी शेजारी उभं असलं तरी कळत नाही!"

मॅडमनी हेल्मेट हळूच टेबलावर ठेवलं. "काका, जंगलाच्या कडेला राहता. धनुष्य आहे. त्याचा आवाज येऊ नये म्हणून तुम्ही महिनाभर खटपट केलीत. जनावराला कळू नये म्हणून. मी साहेबांना काय सांगू?"

आपण आत्ताच जे जे बोललो ते हैबतरावांनी मनात पुन्हा एकदा ऐकलं, या वेळी मॅडमच्या कानांनी. एवढ्या बारकाईने, एवढ्या आनंदाने, स्वतःविरुद्ध एवढी भरभक्कम साक्ष आजवर कुणी दिली नसेल.

"अहो, शेळ्यांसाठी..."

"शेळ्या मारता?"

"शेळ्या घाबरू नयेत म्हणून!"

रंभाबाई कुंपणाशीच होत्या. त्या ओरडल्या, "मॅडम, त्ये खरं बोलत्यात! आमच्याच शेळ्या हायेत त्या!" दादासाहेब वालातून धावत आले आणि तंटामुक्ती समितीच्या वतीने आवाज बंद करण्याचा हुकूम आपणच दिला होता, असं छातीवर हात ठेवून सांगितलं. मॅडमनी तिघांकडे पाहिलं. एखाद्या टोळीकडे पाहावं तसं पाहिलं.

"हे बघा," त्या शेवटी म्हणाल्या, "मला तुम्ही चोर वाटत नाही. पण आवाज नसलेलं धनुष्य मी इथे सोडून गेले आणि उद्या आत सांबर पडलं, तर जबाब मला द्यावा लागेल. आवाज असला तर गस्तीला कळतं तरी, की तुम्ही पोत्यावरच मारताय. एक तर आवाज आणा, नाहीतर मी हे जमा करते."

हैबतराव मटकन पायरीवर बसले. आवाज आणला तर समिती जमा करणार. आवाज नाही आणला तर वनखातं जमा करणार. जमा दोन्हीकडून. आणि मग शेखर गाडी घेऊन येणार, अकरावा मजला, आणि दुपार.

"घुंगरू!" दादासाहेब ओरडले. "धनुष्याला शेळीचं घुंगरू बांध. मॅडमला ऐकू येईल, शेळ्यांच्या ओळखीचा आवाज, त्या घाबरायच्या न्हाईत!"

सगळ्यांना हे पटलं, फक्त रंभाबाई काहीतरी सांगू पाहत होत्या, पण त्यांचं कुणी ऐकलं नाही. त्यांच्याचकडचं एक घुंगरू घेतलं आणि दांड्याला बांधलं. हैबतरावांनी धनुष्य उचललं. घुंगरू वाजलं. कुंपणापलीकडच्या शेळ्यांनी माना वर केल्या, आणि क्षणभरात सगळ्या कळपाने मेंदीत भगदाड पाडून आत उडी घेतली. धावत आल्या त्या हैबतरावांच्या भोवती, पोत्याच्या पुढे, पायरीवर, एक मॅडमच्या मोटारसायकलच्या सीटवर.

"त्येच सांगत हुते," रंभाबाई म्हणाल्या. "पुढच्या शेळीला त्येच घुंगरू असतं. ज्याच्याकडं घुंगरू, त्याच्या मागनं जायचं. आता तुमीच पुढची शेळी झालात, बापू. चला, न्या त्यांना वड्यावर."

मॅडम हसत होत्या. हसू आवरायचा प्रयत्न करत होत्या, पण एका शेळीने टेबलावरच्या हेल्मेटचा पट्टा चघळायला घेतल्यावर तो प्रयत्न सोडला. शेळ्या परत बाहेर काढायला दादासाहेबांसकट सगळ्यांना हातभार लावावा लागला. भगदाडाला काट्या लावल्या. मग मॅडम पायरीवर हैबतरावांच्या शेजारी बसल्या.

"काका, एक सांगू? शेळ्या कसल्या आवाजाला घाबरतात? अचानक होणाऱ्या. माणसाच्या ओरडण्याला घाबरतात का?"

"न्हाई," कुंपणावरून रंभाबाई म्हणाल्या. "दिवसभर मीच वरडत असती."

"मग धनुष्य गप्पच असू द्या. तुम्ही ओरडा. प्रत्येक बाण सोडायच्या आधी, मोठ्याने, ओढ्यापलीकडे ऐकू जाईल असं. शिकार करणारा ओरडून शिकार करत नाही. एवढं पाळलंत तर मी साहेबांना तसं सांगते."

हैबतरावांना क्षणभर वाटलं की संकट टळलं. मग लक्षात आलं, की आपण ओरडल्याला वर्ष झालं. बोलायलाच कुणी नाही तर ओरडणार कुणावर? फोनवर बोलायचे तेही हळूच.

"आत्ता करून दाखवा," मॅडम म्हणाल्या. "मी ओढ्यापलीकडे जाऊन ऐकते."

"काय ओरडू?"

"काहीही. 'सावधान' म्हणा."

मॅडम ओढा ओलांडून गेल्या आणि हात वर केला. हैबतरावांनी बाण लावला. "सावधान," ते म्हणाले. अंतरपाटामागे भटजी पुटपुटतात तसा आवाज निघाला. दादासाहेब म्हणाले, "आता अक्षता टाकू का?" मॅडमनी लांबून हात हलवला: ऐकू आलं नाही.

"हर हर महादेव म्हन," दादासाहेबांनी सुचवलं.

"त्यानं पोरं काठ्या घिऊन येतील," रंभाबाई म्हणाल्या. "बापू, जे तोंडात बसलंय ते वरडा. शिकवलेलं न्हाई वरडता येत मानसाला."

हैबतरावांनी डोळे पोत्यावर ठेवले. नेम धरला. छातीत हवा भरली, आणि तोंड उघडलं, आणि काय येणार आहे हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं.

"अगं एऽऽऽऽ!"

आवाज आंब्यावरून गेला, कुंपणावरून गेला, ओढ्यापलीकडे जाऊन टेकडीला लागला आणि परत आला.

हैबतराव तसेच उभे राहिले. लग्न झाल्यापासून त्यांनी बायकोला नावाने हाक मारली नव्हती. मारायची पद्धत नव्हती; तिनेही यांचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. कारखान्यातून आले की अगं ए. टॉवेल विसरला की अगं ए. काही काम नसलं तरी, ती घरात कुठे आहे ते कळावं म्हणून, अगं ए. हे दोन शब्द गेल्या वर्षभरात अंगणात मोकळे सुटलेच नव्हते. बोटाने चाप ओढलेला होता. बाण पोत्यात मधोमध जाऊन बसलेला होता, आणि तो कधी गेला ते कुणालाच ऐकू आलं नव्हतं.

दादासाहेबांनी उपरण्याने चष्मा पुसायला घेतला. पुसून झाला तरी पुसत राहिले.

"ओऽऽ!" कुंपणावरून रंभाबाईंनी ओ दिली. आवाज जरासा जाडच होता. मग नेहमीसारखं म्हणाल्या, "आलं ऐकू, बापू. झ्याक आलं. पर उद्यापास्नं हाक मारताना माळाकडं पाठ करून मारा. मालक वर माळावर असत्यात, त्यास्नी वाटायचं मलाच बोलावत्यात."

शेळ्या चरत होत्या. ओढ्यापलीकडे मॅडमनी दोन्ही हात वर केले: चालेल.

"रोज ह्येच वरडनार हायेस?" दादासाहेबांनी विचारलं.

"रोज," हैबतराव म्हणाले. ते पोत्यापर्यंत चालत गेले, बाण उपसला, परत आले, रिकिबीत पाय घातला आणि दोरी ओढली.

"दाद्या, बाजूला हो जरा," ते म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा छाती भरून श्वास घेतला.